कच्चा दोरा

उद्यमबागेत दुसरी पाळी सुटली की
मी लोखंडातून शिशात येतो.
लोखंड चिडकं, जवळ गेलं की भुवया मागतंय.
शिसं गरीब.
मागच्या पडवीत, स्टोव्हवर, फुटक्या घमेल्यात
बघता बघता पाणी होतंय
आणि वर साय धरतंय दुधागत.
साय काढायची, श्वास अडवायचा, ओतायचं.
मग गुळाचा खडा.
गुळानं काय होतंय कुणाला ठाऊक,
खरं वस्ताद खायचे, म्हणून मी बी खातो.

(आमच्यात ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात.
पुण्याचा साडू हसतो. हसू दे.)

गांधीनगरातल्या पंक्चरवाल्याकडं
चाकांची जुनी वजनं किलोवर मिळतात,
कुठल्या कुठल्या ट्रकांचा निखळलेला तोल.
त्याचे लांबट गोळे करतो, वर तांब्याची कडी.
साठ ग्रॅम, शंभर, दीडशे.
कारवारच्या बसला देतो, उल्हास हरिकंत्राच्या नावानं.
कंडक्टर पिशवी उचलून बघतो: एनिदु?
गुंडु, म्हटलं.
तो दोन पावलं मागं.
मीनिगे, म्हटलं. मग हसला,
खरं लगेजचं तिकीट फाडलंच.

उल्हासनं फोनवर सांगितलं होतं एकदा,
मागं इंजिन धडधडत होतं:
‘बांगडा जिता पाहिजे.
पाठीत, कातडीखालनं गळ, हात असा हलका
की त्याला वाटावं, कुणी नुसतं शिवलं.
दोन वाव वर तुझं शिसं, कच्च्या दोऱ्यानं.
मग सोडायचं. खाली, खाली,
ऊन जिथं निळं होऊन संपतंय तिथं कुपा फिरतो.
बांगडा वर पळू बघतो, शिसं पळू देत नाही.
कुपा आला, हिसडा बसला, की कच्चा दोरा तुटला.
शिसं तळाला, कुपा माझ्याकडं.’

म्हणजे शिसं जातंय?

‘गेलंच पाहिजे रे.
ते परत आलं, तर माझा दिवस गेला.’

तेरा वर्षं झाली.
वहीत हिशेब आहे, दोन हजाराच्या वर गोळे.
मी समुद्र बघितलेला नाही,
खरं त्याच्या तळाला माझी एवढी कमाई पडून आहे.

एका रविवारी हिडकलला गेलो, धरणाच्या मागल्या अंगाला.
कुपा नाही, मरळ तरी.
जिती मळी लावली,
बायकोच्या साडीच्या फॉलचा दोरा, त्याला साठाचा गोळा.
ऊन मानेवर आलं, मग पाठीवर.
बोटाला मात्र खालनं बारीक बारीक लागत होतं,
आजाऱ्याची नाडी धरल्यागत.
कोण आलंच नाही.
वर घेतली तर मळी जिती, दोरा शाबूत.
गळ काढून पाण्यात धरली.
हात उघडला तरी जागची हलेना,
वजन गेलेलं तिला कळालं नव्हतं.
मग नव्हतीच.

परवा धाकटी म्हणाली, बाबा, नाव घाल की त्यावर.
मोनाप्पाचा मो. साच्यात उलटा कोरावा लागतो.
कोरताना तिनं विचारलं, मराठीत का कन्नडात?
म्हटलं, चाळीस वाव खाली पाट्या कोण वाचालंय?
खरं मराठीतच कोरला.
तिनं एकावर कन्नडातला काढला, तोही झकास उठला.
डझनभर पाठवले.

काल पिशवी परत आली. बाराच्या बारा.
आत चिठ्ठी, मिठानं ओली होऊन वाळलेली:
‘नाव असलेलं तळाला सोडवत नाही.
साधी पाठव.’

रात्री घमेलं चढवलं.
अक्षरं आधी गेली,
दोन्ही लिप्यांतली,
मग बाकीचं.