बडोदे दर्शन, चहासकट

सकाळी साडेआठला स्टेशनसमोर बस लागते.
मी पाटी धरून उभा. पाटीवर माझंच अक्षर,
‘दर्शन’मधला रफार जरा उडालेला.
एकोणीस वर्षं हेच बोलतो आहे:
उजवीकडे बघा, डावीकडे बघा,
बाटल्या सीटखाली टाकू नका.

राजवाडा बकिंगहॅमच्या चौपट,
असं सांगायचं असतं, मी सांगतो.
मोजायला कोण जातंय.
लोक माना वर करतात, मग मोबाइल वर करतात.
मांडवीच्या कमानीखाली एक म्हातारा
स्टोव्हच्या पिना विकतो. तो यादीत नाही.
अजून पिना घेतं कोण, हे मात्र
मला रोज बघायचं असतं.

सूरसागर आला की सांगतो, हा आमचा समुद्र.
आजवर प्रत्येक बस हसली आहे.
तिथं मी जरा थांबतो,
हशाला जागा ठेवावी लागते.

मंगळवारची बस हर्णैची होती.
बारा बायका, दोन नवरे, एक नातू.
कुणाची तरी भाची छाणीला दिलेली,
तिच्या डोहाळजेवणाचं निमित्त.
खिडकीला मथुराबाई चोगले, सत्तरीच्या पुढच्या.
बस हसली तेव्हा त्या हसल्या नाहीत.
खाली उतरून काठाशी वाकल्या,
पाण्याकडे बघून म्हणाल्या,
‘भरती नाय, ओहोटी नाय. बिचारं.’

विश्वामित्रीच्या पुलावर नातवाला मगर दिसली नाही.
तो चिखलालाच मगर म्हणाला, मी ‘शाबास’ म्हणालो.

कमाटीबागेतलं फुलांचं घड्याळ मागे पडलेलं.
म्युझियममध्ये ममीपाशी सगळे रीतसर घाबरले,
आणि मग देवमासा.
त्याचं सगळं मला तोंडपाठ:
लांबी बहात्तर फूट, साल चव्वेचाळीस,
वादळ, महीचं मुख, वाट चुकला, अडकला.
‘अडकला’वर मी आवाज खाली आणतो.

मथुराबाईंनी चपला काढल्या.
शेपटीपासून निघाल्या, फासळी फासळी ओलांडत,
ओठ हलत होते, मोजत असाव्यात
किंवा दुसरंच काही.
जबड्यापाशी थांबून पदर सारखा केला.
‘याचं तोंड कंच्या दिशेला ठेवलंय रं?’

लोक वजन विचारतात. खरा आहे का, विचारतात.
फोटो चालेल का, संडास कुठे.
तोंड कुणी विचारलं नव्हतं.
‘पश्चिमेला,’ मी म्हणालो.
‘माहीत नाही’ म्हणायचं नाही,
हे या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात.
मासळी घेताना कल्ला उघडून बघावा
तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या.
‘बरं,’ म्हणाल्या. चपला घातल्या.

मग सेव-उसळ. नातवाला झोंबली.
कीर्तिमंदिर बाहेरूनच, उशीर झालेला.
साडेसहाला स्टेशनवर बस रिकामी केली.
नवऱ्यांनी टीप दिली, वीस वीस.
मथुराबाईंनी पिशवीतून पिशवी काढली,
तिच्यातून आणखी एक,
गाठ मारलेली. सुका जवळा.
‘बायकोला सांग, कांदा जास्त घाल.’
आमच्या सोसायटीत हा वास चालत नाही,
हे त्यांना सांगायला जीभ वळली नाही.

घरी जायचं तर मी बागेकडे वळलो.
दारावरचे परमारभाई म्हणाले, ‘बंध थई गयुं.’
म्हटलं, आत नाही जात, भिंतीपाशी उभा राहतो.
फोनमधलं होकायंत्र उघडलं.
आत तो कसा ठेवलाय, आठवू लागलो:
दार, मग जिना, ममी डावीकडे,
नाही, उजवीकडे. शेपूट कुठे आहे?
एकोणीस वर्षं
मी त्याच्याकडे पाठ करूनच बोललोय,
लोकांकडे तोंड करून.

सुई थरथरत राहिली,
कुंपणाचं लोखंड असेल.
अंधार पडत चालला. काखेतल्या पिशवीचा वास
गाठीतून सुटला होता,
आणि बागेतली तीन मांजरं
कुठून कुठून येऊन
माझ्याकडे तोंड करून बसली.