उदर उघडणारी

अशोक चौकाजवळच्या शेडमध्ये बाबा
जॅकार्डचे पुठ्ठे बोटांनी वाचायचे,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यावरही.
इथे छिद्र. इथे नाही. इथून मोराची मान.
एक भोक चुकलं तर मोर लंगडा होतो, म्हणायचे,
आणि लंगडा मोर पांघरून कुणाला ऊब येत नाही.

मंडळीत ते वडील. घरातही वडील.
एका शब्दात दोन खुर्च्या,
आणि दोन्ही यशोदानसाठी पुसून ठेवलेल्या.

रविवारी मसुराची आमटी, कडक भाकरी, शेंगाचटणी झाली
की तंबूत राहणाऱ्या त्या जुन्या लोकांचा कायदा सांगायचे:
पहिली ओंबी त्याची, पहिलं कोकरू त्याचं,
उदर उघडणारा पहिला मुलगा त्याचा.
कोकरू वेदीवर जायचं.
पोर महिन्याचं झालं की बाप
रुप्याची पाच नाणी मोजून त्याला सोडवून आणायचा.
पुढे देवानं थोरल्यांच्या बदल्यात
एक अख्खा वंशच मागून घेतला,
त्यांना जमीन दिली नाही, स्वतःला दिलं.
"मग ते खायचे काय?" यशोदान विचारायचा.
बाबा हसायचे. ताटाकडे बघून नाही,
त्याच्या आवाजाकडे बघून.

थोरल्याला दुप्पट वाटा.
दोन अंडी, दोन स्वेटर, छड्याही दोन,
हे मात्र खरं सांगायला हवं.
उल्हास एकच अंडं सावकाश खायचा,
संपूच नये म्हणून.

आणि मी?
मी दोघांच्या आधी चार वर्षं.
आईचं उदर मी उघडलं,
पण त्या कायद्यात उघडणारी
हे रूपच चालवलेलं नाही.

मग यशोदानला भिवंडीची भूक लागली.
कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे,
शंभराच्या मुद्रांकावर,
एका जुन्या स्कूटरच्या बदल्यात
त्यानं घराचा हक्क उल्हासच्या नावे केला.
कुणाचा वाटीसाठी वाटा गेला होता,
ह्याचा वाटेसाठी.
काना, वेलांटी, मात्रा,
एवढंच अंतर असतं माणसांत.
स्कूटर मोहोळच्या पुढे बंद पडली, असं नंतर कळलं.

बाबांचा तो दिवस मंगळवार होता.
लाइट गेलेली, सगळे माग गप्प,
एवढं गप्प की शेजारच्या शेडमधला
माणूस खोकला तेही ऐकू आलं.
उल्हास वकिलाकडे. यशोदान बसमध्ये,
येतो म्हणाला होता.
मी मागाखाली वाकून तुटलेली तार सांधत होते.
"थोरलं आलं का?" बाबांनी विचारलं.
मी गाठ मारून उठले, जवळ गेले,
आणि आवाज दिला नाही.

त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले.
कापसाची लव चिकटलेले, जड हात.
म्हणाले,
पाणी चौथ्या दिवशी येवो की सहाव्या,
तुझी टाकी कोरडी न पडो.
तुझ्या हाताखालची तार न तुटो,
तुटली तर सांधणारं जवळ असो.
दारी आलेला उपाशी न जावो,
आणि तुझ्या जेवणाआधी तू बोलशील ते
वरपर्यंत पोचो.
घराचं काही बोलले नाहीत.

माझी वेणी त्यांच्या बोटांत होती सगळा वेळ.
पुठ्ठ्यातलं सुईएवढं भोक ज्यांना कळायचं
त्या बोटांना वेणी कळली नसेल?

मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही,
आणि बुधवारपासून विचारायला कुणी नव्हतं.

आता घर उल्हासचं. त्यानं वर पत्रा टाकलाय.
यशोदानला मी दुहेरी चादर दिली, शेवटच्या ताग्यातली,
मोर धड होता.
सणाला तिघं जेवायला बसतो
तेव्हा दोघे भाऊ माझ्याकडे बघतात,
आणि आमटी निवेपर्यंत मी बोलते.

माझ्यासाठी कुणी पाच नाणी मोजली नव्हती.
म्हणजे मला अजून
सोडवलेलं नाही कुणी.