चाळीस मिलिसेकंद

तार्तूच्या तळघरात चौसष्ट यंत्रं
एकच सरोवर वाटून घेऊन बसली आहेत.
प्रत्येकाच्या वाट्याला पेइप्सीचा एक तुकडा, त्यावरचा बर्फ,
आणि बांधावरून शेजाऱ्याला विचारणं:
तुझ्याकडे किती जाड? तुझ्याकडे वारा कुठून?
आठ बाइटचा प्रश्न, आठ बाइटचं उत्तर.
दर पावलाला.

अंदाज पाचला हवा. येतो साडेसातला.
तोवर कोल्क्याचे कोळी
घरीच जोडलेल्या, मोठ्या टायरांच्या गाड्या घेऊन
बर्फावर गेलेले असतात.
त्यांत माझे वडीलही.

टार्वो म्हणाला, यंत्रं जुनी झाली, नवी मागू.
मी म्हटलं, थांब. प्रोसेसर तर बसून माशा मारतायत.
घोडं वाटेत कुठेतरी पेंड खातंय.

आधी बफर वाढवले. फरक शून्य.
होते तसे केले, वहीत लिहिलं, वर रेघ मारली.

तिसऱ्या रात्री तारेवरची बोलणी उघडली, एकेक पाकीट,
आणि दिसलं: चाळीस. चाळीस. पुन्हा चाळीस.
पाठवणारा म्हणतो,
एवढ्याशा निरोपासाठी गाडी कशाला जोडू?
मागचा पोचल्याचं कळू दे, तोवर आणखी साचेल.
घेणारा म्हणतो,
नुसतं ‘पोचलं’ काय कळवायचं?
काही बोलायचं निघालं की त्याच्याबरोबरच सांगू.
दोघेही काटकसरी, दोघेही सभ्य,
आणि मधे अख्खं सरोवर ताटकळत.

थेंबे थेंबे तळे साचे, खरंय.
पण तळ्याला तडा कुठे जाणार ते सांगायचं
तर थेंब अडवून चालत नाही.

एक ओळ बदलली: थांबू नकोस, हाती येईल ते सोड.
कार्डालाही बजावलं,
दहा पाकिटं जमेपर्यंत घंटा राखून ठेवू नकोस,
प्रत्येकासाठी वाजव.

चार वाजून बावन्न मिनिटं.
पंखे असे घोंघावतायत
की सोमवारी टार्वो वीजबिल नाकापुढे धरेल.
धरू दे.

वडिलांना फोन लावला.
आमच्या घरी बोलणं साचवायची रीत:
दुखणी, पैसे, आईची आठवण,
सगळं एकदम, ईस्टरला, जेवणं झाल्यावर.
“पूर्वेकडे जाऊ नका,” एवढंच म्हटलं,
पुढे काही जोडलं नाही.

पलीकडे शांतता. कितीतरी चाळीस.
“हं. रात्रीच ऐकलं मी,” ते म्हणाले,
“तिकडूनच तडकत होता.”

मग कळवलं का नाही?

“एवढ्याशासाठी कुठे फोन करायचा.”