आरशातलं साल

खेचराचं वय दातांवरून कळतं.
गिटारचंही तोंडात डोकावूनच कळतं, ओलीटाबाई,
म्हणून तर हा दंतवैद्याचा आरसा.

चौऱ्याऐंशीच्या आहेत त्या. केंटकीतले दोन डोंगर ओलांडून आल्या,
नातवाच्या ट्रकमधून, गिटार उशीच्या अभ्र्यात,
मांडीवर. दोघींना मिळून पट्टा एकच.
"बाबांची," म्हणाल्या. "सेहेचाळीस साली खाणीत गेले ते.
त्याच्या आधीची नेमकी कधीची, तेवढं सांग.
नातवाला लिहून ठेवायचंय."

मी नेहमीसारखा बाहेरून सुरू झालो.
वार्निशला तडे, तळं आटल्यावर चिखलाला पडतात तसे.
पण तडे खोटं बोलतात.
एका कडाक्याच्या रात्री शेगडी विझली
की वीस वर्षं पहाटेपर्यंत अंगावर येतात.
(माणसांचंही होतं. बोललो नाही.)
खुंट्यांची बटणं पिवळी, कडा झिजलेल्या;
पण खुंट्या काय, कुणीही बदलतं.
घोडी एकदा उखडून परत चिकटवलेली,
सुताराच्या पांढऱ्या गोंदाने, सढळ हाताने.
देव त्याचं भलं करो, माझी अख्खी दुपार जाणार.

मग दिवा पोटात सोडला.
फासळ्या दिसल्या. सरसाचे ओघळ, मधाच्या रंगाचे,
ओघळता ओघळता थांबलेले.
एक मेलेली गांधीलमाशी.
आणि पाठीच्या फळीवर कारखान्याचा निळा शिक्का:
एक पुसट अक्षर, मग पाच, मग दोन.
ही जोडी अशी, की आरशात उलटली
तरी जवळजवळ तशीच दिसते.
मी तरीही तीनदा पाहिलं.

"बावन्न," म्हणालो.

बाहेर नातू ट्रकचं बॉनेट उघडून उभा होता.
ओलीटाबाई बोटं मोजत होत्या, ओठ न हलवता.
"तेव्हा मी तेरा वर्षांची.
बाबांना जाऊन सहा वर्षं."
मग बऱ्याच वेळाने:
"मध्ये खिळा रिकामा असायचा. पलंगाच्या वरचा.
आई म्हणायची, दुरुस्तीला दिलीय."
"किती दिवस?"
"खूप. पाच हिवाळे असतील."
आणि त्या हसल्या, दात नसलेल्या बाजूने.
"पाच हिवाळे! आणि आम्ही चौघांनी खरं मानलं.
त्या वर्षी बूट मात्र नवे मिळाले होते सगळ्यांना."

मला गप्प बसता आलं असतं.
पण मान अजून माझ्या हातात होती.
"ही वाजवायचं कोण?"
"कुणीच नाही. हात लावला तर आई रागवायची."
मी गिटार त्यांच्याकडे वळवली.
पहिल्या तीन पडद्यांच्या मधल्या लाकडात खळगे,
चमच्याच्या पोटासारखे, बारीक तारांखाली खोल.
असे खळगे एका वर्षात पडत नाहीत.
दहातही नाहीत. आणि अरुंद आहेत:
खाणीत फावडं धरणाऱ्या बोटाचे नव्हेत.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"शाळेची बस सातला यायची," म्हणाल्या,
"आणि चारला परत."

गिटार उलटी करून हलवली तेव्हा
आत काहीतरी खुळखुळलं. दोन-तीनदा भोकापाशी येऊन परत गेलं.
शेवटी चिमट्याने काढलं: केसात खोवायची पिन,
गंजलेली, एक पाय वाकडा.
ओलीटाबाईंनी ती घेतली नाही, नुसती पाहिली.
मग दुसऱ्या पडद्याजवळच्या खळग्यात बोट ठेवलं,
आणि तिथेच राहू दिलं.

"पडदे नवे टाकू?" मी विचारलं. "झिजलेत. तार भणभणेल."
"भणभणू दे."
"घोडी तरी बसवतो. गुरुवारपर्यंत."

पावतीवर मी साल लिहिलं. मालकाच्या रकान्यात
त्या आल्या आल्याच 'बर्चेल' लिहून बसलो होतो.
त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं,
ते खोडलं नाही,
खाली जागा कमी होती, तरी दाटीवाटीने लिहिलं
'व्हेस्टा',
आणि अभ्रा घडी करून पर्समध्ये ठेवत म्हणाल्या,
गुरुवारी येईन. सकाळी. सातनंतर.