श्रोत्यांची वही

पोल्का मध्यरात्री थांबला, अकॉर्डियन अर्ध्यावर तोडून.
पहाटे साडेचारला व्हर्लिन कुट्स्काने
गोठ्यातला रेडिओ लावला, तर
कुणी पोरगी दम न घेता गात होती
आणि बासष्ट गायी माना वळवून त्याच्याकडेच बघत होत्या,
जणू त्यानंच काही केलंय.

पहिल्या दिवशी दूध कमी भरलं.
चौथ्या दिवशी होतं तेवढं.
गायींचं काय, त्यांना ठेका पुरतो.

पण सहाच्या ठोक्याला मयतांची नावं वाचायचे, ते बंद झालं.
ऑर्मा श्लेगल गेली, हे त्याला खिळे घेताना दुकानात कळलं,
पुरून आठवडा उलटल्यावर.
एके काळी ती त्याच्याशी नाचली होती. दोनदा.

मार्चमध्ये, विस्कॉन्सिनचा बर्फ अजून वितळायचा होता,
टपालानं पाहणीची वही आली,
सोबत एकेक डॉलरच्या दोन कोऱ्या नोटा.
कोणतं स्टेशन? किती वेळ?
रेडिओ तर त्यानं केव्हाच बंद केला होता.
तरी पेन्सिल जिभेला लावून
सातही दिवसांसमोर त्यानं लिहिलं:
तेराशे साठ. पोल्का. साडेचार ते सहा.

पोल्का कुणी वाचलं नाही.
तेराशे साठ तेवढं मोजलं.
श्रोते वाढले म्हणून
स्टेशनात केक कापला.