नऊ सेकंद

पुंता अरेनासचा वारा खिडकीच्या फटीत शीळ घालतोय.
लिओपोल्दिना चष्मा पुसून आवराआवर करायला बसते.

छोटी डिस्क चपळ, पण जागा चिमूटभर.
तिच्यावर दुकानाची बिलं, कराचे कागद,
आणि नातवाचा गेम, ज्याला क्षणाचाही दम निघत नाही.
मोठी जुनी, ऐसपैस, कुरकुरी:
तिकडे २००६ची लग्नं, मेंढ्यांची कातरणी,
कुणाचा तरी धूसर बाप्तिस्मा
आणि निबाल्दोचं अकॉर्डियन,
चार मिनिटं, अकरा सेकंद.

होडी विकल्यापासून भाऊ बोलत नाही.
राहतो तीन गल्ल्या सोडून.

"रोज ऐकतेस, तर चपळ डिस्कवर घे की!"
नातू म्हणाला, आणि घेतलीही.
क्लिक केलं की लगेच सूर.

दोन दिवस तिने ऐकलं.
तिसऱ्या रात्री फाइल गुपचूप
होती तिथे नेऊन ठेवली.

मोठ्या डिस्कला जाग यायला नऊ सेकंद लागतात.
आधी घुरघुर, मग एक टक्,
मग काहीच नाही.
निबाल्दोही असाच,
घसा खाकरायचा,
खांद्यावरचा पट्टा सारखा करायचा,
उगाच थांबायचा.

तेवढा वेळ तो दारात असतो,
बुटांचा चिखल झटकत.