फुंकर मारू नये

आधी एक सांगते : कार्ट्रिजमध्ये फुंकर मारू नये.
साऱ्या साओ पाउलोनं लहानपणी मारली आहे, मीही मारली आहे,
आणि गेम चालू झाला तो फुंकरीनं नव्हे,
काढून पुन्हा बसवल्यानं.
फुंकरीतली थुंकी तांब्यावर राहते,
वीस वर्षांनी हिरवी होऊन माझ्या टेबलावर येते.
खोडरबर घ्या, शाळेतलं. हळू घासा.
सल्ल्याचे पैसे नाहीत. खोडरबराचे दोन रेआइस.

सांता इफिजेनिया, तिसरा मजला, जिन्यालगतचा गाळा.
खाली केबलवाले ओरडतात, वर चार्जरवाले,
मध्ये मी, इरासिल्दा, डोळ्याला भिंग लावून
एकतीस वर्षं.

मला मतं आहेत. गिऱ्हाइकं म्हणतात, जरा जास्तच आहेत.

जुन्या प्रोग्रामरला जागा कमी असायची.
नखाएवढी चिप, तिच्यात किल्ला, राक्षस, वाजंत्री, सगळं बसवायचं.
म्हणून नदी आणि वीज यांचं चित्र एकच,
रंग तेवढा बदललेला.
दोन खोल्यांत आम्ही सात जण वाढलो,
मला हे कुणी समजावून सांगायला नको.

आणि चौथ्या किल्ल्यातली ती भिंत!
कोपऱ्याला पाठ लावून उडी मारली
की माणूस भिंतीत शिरतो, पलीकडे निघतो,
जिथे काहीच काढलेलं नाही. नुसतं काळं.
चूक होती. चिपा कारखान्यातून निघाल्यावर कळली असणार.
झोपला नसेल बिचारा.
आमच्या गल्लीतली पोरं मात्र
ती वाट शोधता शोधता मिशा फुटेपर्यंत पोचली.

माझा भाचा वेस्लेई म्हणायचा, मावशी, आता चूक राहत नाही.
रात्री दुरुस्ती पाठवतो, सकाळी सगळ्यांकडे पोचलेली असते.
मी म्हणायचे, म्हणून तर कच्चा भात वाढता,
आणि पैसे घेता चूल पेटायच्या आधी.
बाजारात तुरी!
तो हसायचा. पगार चांगला होता.

मार्चमध्ये एका सकाळी त्याचा पासवर्ड चालेना.
त्याला वाटलं, चूक आहे.
त्यानं रीतसर तक्रार नोंदवली, पायऱ्या घालून :
पासवर्ड दिला. नाकारला गेला. अपेक्षित होतं : आत जाणं.
दुपारपर्यंत उत्तराची वाट पाहिली.
मग कळलं, चारशे जणांचे चालत नव्हते.

त्याच आठवड्यात सेन्योर तारसीझियू आला,
हातात मोजे, मोज्यांत खोका, खोक्यावर मूळचं प्लास्टिक.
म्हणाला, आत अस्सल गेम आहे असं लिहून दे.
उघडू नकोस. उघडलास तर मातीमोल.
मी कानाशी धरून हलवला, तळहातावर तोलला.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
आत बोटं पाच आहेत की चार, ते मुठीलाच ठाऊक.
मी लिहिलं : हा खोका बंद आहे.
खाली सही, शिक्का, तारीख.
ऐकते, त्या कागदामुळे किंमत दोन हजारांनी चढली.

वेस्लेई आता माझ्या शेजारच्या स्टुलावर बसतो.
डाग देताना हात कापतो, पण कापत कापत बरा देतो.
काल एक कार्ट्रिज साफ करून तपासायला लावलं
आणि सवयीनं तो किल्ल्यापर्यंत गेला,
कोपऱ्याला पाठ, उडी.
काळ्यात उभा राहिला.
बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाला,
एक तपासणी राहिलीय, मावशी. तीन बाइट. तीन बाइटांत भागलं असतं.
म्हटलं, मग का नाही केली?
तो म्हणाला, जागा नसेल.
मग, हळूच : किंवा करावीशी वाटली नसेल.

कोशिन्या गार झाल्या होत्या. तशाच खाल्ल्या.
या गेममध्ये सेव्ह नाही, बंद केलं की सगळं पहिल्यापासून.
मी शटर अर्धं ओढलं, त्याच्याकडे पाहिलं,
तर तो मशीनकडे बघत होता.
राहू दे चालू, म्हटलं.
विजेचं बिल माझ्या नावावर येतं.